कुणासाठी घेताय?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या एका शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज मी व्हिडिओ गेमच्या दुकानांबद्दल बोलणार हे कळल्यावर दोघीतिघींनी मला चहाच्या वेळी गाठलं. "अगं, रेशन, पाणी, पोटगीच्या केसेस हे सगळं सोडून तू हे काय काढलंस? पोरांचे खेळ ते!" त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण "पोरांचे खेळ" हे जे आपण सहज म्हणून जातो ना, त्यातला "पोरांचे" हा शब्द कुठून आला, हेच आज बघू या.

बाजाराशी आपल्या चळवळीचं नातं जुनं आहे. महागाईच्या विरोधात मुंबईत १९७२ साली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेव्हा प्रश्न होता भावाचा. तेल, साखर, रवा काय भावानं मिळतो, मिळतो की नाही. दुकानदार बाईला गिऱ्हाईक मानतो का, हा प्रश्न तिथे नव्हताच. तेल-साखरेचं गिऱ्हाईक बाईच असते, ते तिच्या गळ्यातच बांधलेलं आहे. वस्तू बदलली की मात्र चित्र बदलतं. दुकानात यंत्र असलं, मग तो पंप असो, कॉम्प्युटर असो की मोबाइल, बाई पैसे देणारी असली तरी दुकानदार बोलतो तिच्या शेजारच्या पुरुषाशी. शेजारी पुरुष नसेल तर विचारतो, "कुणासाठी घेताय?" हे यंत्राचं दुकान अगदी टोकाला जाऊन कसं दिसतं ते पाहायचं असेल, तर व्हिडिओ गेमचं दुकान पाहावं.

अमेरिकेत नि इंग्लंडात फक्त हेच विकणारी दुकानं असतात. टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र, त्याला कन्सोल म्हणतात, आणि त्यावर खेळायच्या गेमच्या डबीबंद तबकड्या. गेमस्टॉप नावाच्या एका साखळीचीच २०१६ च्या सुमारास जगभरात मिळून सात हजारांच्या आसपास दुकानं होती. त्यातली बरीच आता बंद झाली, कारण गेम थेट इंटरनेटवरून उतरवता येतात. पण तीसेक वर्षं मुलं हा प्रकार शिकली ती या दुकानांतून.

माझी भाची न्यू जर्सीत कॉलेजात असताना अशाच एका दुकानात अर्धवेळ काम करायची. लहानपणापासून खेळणारी मुलगी, त्यामुळे तिला दुकानातला जवळजवळ प्रत्येक गेम ठाऊक. गिऱ्हाईक यायचं, तिच्याकडे एकदा बघायचं, मग तिच्या खांद्यावरून मागे बघत विचारायचं, "इथे कुणी माहीतगार आहे का?" मागे असायचा आठवड्यापूर्वी लागलेला एक मुलगा. तो तिच्याकडे वळून विचारायचा, ती त्याला सांगायची, तो गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि गिऱ्हाईक त्याचे आभार मानून जायचं. ती मला म्हणाली, "मावशी, मी त्या दुकानात डबिंग करायचे."

सुटीच्या दिवशी ती दुसऱ्या दुकानात स्वतः गिऱ्हाईक म्हणून गेली की वेगळाच तमाशा. पहिला प्रश्न, भावासाठी का मित्रासाठी? स्वतःसाठी म्हटलं की लगेच तोंडी परीक्षा. याआधीचा भाग खेळलीस का, त्यात शेवटी कोण मरतं, अवघड पातळीवर खेळलीस की सोप्या? तिच्याबरोबर आलेल्या वर्गमित्राने आयुष्यात एक गेम खेळला नव्हता. त्याला कुणी काही विचारलं नाही. उलट त्याच्याच हातात डबी देऊन त्यालाच सगळं समजावलं. तिथल्या खेळणाऱ्या कितीतरी बायकांनी वर्षानुवर्षं हेच सांगितलं आहे, आपापल्या शब्दांत. सांगणाऱ्या वेगळ्या, काउंटर वेगळे, पण प्रश्न तोच.

आणि आठ वर्षांच्या मुलीची आई काही विचारायला गेली, तर? तिला बोट दाखवलं जातं गुलाबी डब्यांकडे. २००७ पासून युबिसॉफ्ट या मोठ्या कंपनीने 'इमॅजिन' नावाची मुलींसाठीची मालिका काढली होती. त्यात बाळं सांभाळायची, फॅशनचे कपडे बेतायचे, जनावरांचं डॉक्टर व्हायचं. (जनावरांच्या डॉक्टरला माझी हरकत नाही, आपल्या तालुक्याला एक पाठवा म्हणावं.) माझं भांडण त्या खेळांशी नाही. आईने विचारलं होतं, "माझ्या मुलीला कोडी सोडवायला आवडतात, तिला काय देऊ?" कोड्यांचे उत्तम गेम त्याच दुकानात चार हातांवर होते. विक्रेत्याला "मुलगी" एवढाच शब्द ऐकू आला.

आता कुणी म्हणेल, मुलींना मुळातच त्यात रस नसतो, दुकानदार काय करणार? म्हणून थोडा इतिहास सांगते.

सुरुवात अशी नव्हतीच. १९८० साली जपानमध्ये तोरू इवातानी या तरुणाने 'पॅकमॅन' बनवला, तो पार्लरमध्ये बायका आणि जोडपी यावीत हे डोळ्यांसमोर ठेवूनच. त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्टा विल्यम्स या बाईने नवऱ्याच्या मदतीने घरी 'मिस्टरी हाउस' तयार केला. चित्रं असलेल्या साहसकथांच्या गेमची ती सुरुवात मानतात. 'सेंटिपीड' हा १९८१ चा गेम घडवणाऱ्या दोघांतली एक होती डोना बेली. १९८२ चा 'रिव्हर रेड' कॅरोल शॉने लिहिला. आपल्याकडच्या टीव्ही गेमवर ज्यांनी भावाला ढकलून नदीवरून विमान उडवलं असेल, त्यांनी लक्षात ठेवा, ते विमान एका बाईनं उडवायला दिलं होतं.

१९८३ मध्ये अमेरिकेतला हा धंदा कोसळला. वाईट गेमचा पूर आला, माल पडून राहिला, आणि दुकानदारांनी कानाला खडा लावला. १९८५ मध्ये निन्तेन्दो ही जपानी कंपनी आपलं यंत्र घेऊन अमेरिकेत आली, तेव्हा व्हिडिओ गेम म्हटलं तर दुकानदार दारातही उभं करेनात. म्हणून कंपनीने त्याच्याबरोबर एक छोटा यंत्रमानव दिला आणि सांगितलं, हे खेळणं आहे. युक्ती लागू पडली. पण खेळण्यांच्या दुकानात एक अडचण होती. तिथे एक रांग मुलग्यांची आणि एक मुलींची. यंत्रमानव कुठल्या रांगेत गेला असेल, सांगायला नको. मग जाहिराती मुलग्यांच्या, डब्यावर चित्रं मुलग्यांची, आणि १९८९ मध्ये हातात धरायचं यंत्र आलं त्याचं नावच 'गेम बॉय'.

आता पुढचं चक्र बघा. मुलग्यांच्या रांगेतला माल मुलगेच जास्त घेणार. कंपनी आकडे पाहणार आणि म्हणणार, बघा, मुली घेत नाहीत. मग ती मुलग्यांसाठीच बनवणार. ते खेळून मोठा झालेला मुलगा विसाव्या वर्षी त्याच दुकानात नोकरीला लागणार आणि समोर बाई आली की खरोखर मनापासून गोंधळणार, ही इथे कशाला? त्याच्या अडाणीपणामागे अशी दोन दशकांची मांडणी उभी आहे. म्हणून मी त्याला दुष्ट म्हणत नाही. तो त्या रांगेचं शेवटचं टोक आहे.

चक्र मोडायचे प्रयत्न झाले, आणि दरवेळी दुकानाच्या फळीपाशी येऊन अडले. १९९६ मध्ये 'बार्बी फॅशन डिझायनर' आला आणि पहिल्या दोन महिन्यांत पाच लाखांहून जास्त खपला. बार्बीवर आपण बोलू तेवढं थोडं, पण मुली पैसे खर्च करून गेम घेतात हे तर सिद्ध झालं? त्यातून निष्कर्ष काय काढला, तर मुलींना बार्बी हवी! हर इंटरॅक्टिव्ह या कंपनीने नॅन्सी ड्रू या मुलगी-गुप्तहेराच्या कथांवर १९९८ मध्ये पहिला गेम काढला. मुली काही हे घेणार नाहीत म्हणून प्रकाशक हात लावेनात. शेवटी त्या बायकांनी तो स्वतःच प्रकाशित केला आणि इंटरनेटवरून विकायला काढला. पुढे त्या मालिकेत तीसहून अधिक गेम निघाले. आणि 'द सिम्स'? घर बांधा, माणसं नांदवा, त्यांची भांडणं सोडवा असा तो गेम. कंपनीतच त्याला बाहुलीघर म्हणून हसले होते. २००० साली तो आला, आणि दोन वर्षांत तोवरचा सर्वांत खपाचा कॉम्प्युटर गेम ठरला. खेळणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बायका.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या गेम उद्योगाच्या स्वतःच्याच संघटनेने आकडे दिले. खेळणाऱ्यांत अठरा वर्षांवरच्या बायका ३६ टक्के, आणि अठरा वर्षांपर्यंतचे मुलगे, ज्यांच्यासाठी सगळं दुकान सजवलेलं, ते १७ टक्के. २०१५ मध्ये प्यू संशोधन केंद्राने मोठ्यांना विचारलं. पुरुषांतले ५० टक्के खेळतात, बायकांतल्या ४८ टक्के. पण खेळणारे बहुतेक पुरुषच असतात असं मानणारे लोक किती? ६० टक्के. स्वतःला 'गेमर' म्हणवणारे पुरुष १५ टक्के, बाया ६ टक्के. मला या शेवटच्या आकड्यापाशी थांबावंसं वाटतं. रोज खेळणारी बाई सांगते, "मी काही तशी खेळत नाही हो, वेळ जावा म्हणून." जसं शेतात दिवसभर राबणारी आपली बाई शिरगणतीवाल्याला सांगते, "मी काही करत नाही, घरीच असते." काउंटरवरच्या त्या पोराने विचारलेला प्रश्न तिच्या तोंडात जाऊन बसलेला असतो.

आता त्या पोराकडे वळू. कारण आपण कामगारांच्या बाजूच्या आहोत, आणि तोही कामगारच आहे. पगार कमी, काम अर्धवेळ, शिकवणी जवळजवळ नाही. आपण जे खेळलो तेवढंच त्याचं ज्ञान. वर कंपनीचे टक्के. २०१७ च्या सुरुवातीला गेमस्टॉपच्या नोकरांनी वार्ताहरांना सांगितलं होतं की त्यांचं काम चार आकड्यांवर मोजलं जातं: आगाऊ नोंदणी किती, सभासद-कार्डं किती खपवली, जुने गेम किती विकत घेतले आणि जुने किती विकले. नवीन गेम विकला की टक्केवारी उलट बिघडायची, म्हणून कुणी नवीन मागायला आलं तर "शिल्लक नाही" असं खोटंच सांगणारेही होते. गिऱ्हाइकाचं ऐकून घेतलं का, योग्य वस्तू दिली का, याला या हिशेबात रकानाच नाही. ज्याला पाच मिनिटांत माणूस ओळखून माल गळ्यात मारायचा आहे, तो माणूस कसा ओळखणार? कपड्यांवरून, वयावरून, बाई की पुरुष यावरून. पूर्वग्रह हा त्याचा वेळ वाचवणारा शॉर्टकट असतो.

मग हे बदलता येतं का? येतं, आणि याच दुकानांत ते बदललेलं आहे, फक्त दुसऱ्या एका प्रश्नावर. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सावकाश सांगते.

अमेरिकेत १९९४ पासून गेमच्या डब्यावर वयाची खूण छापतात. 'एम' म्हणजे सतरा वर्षांवरच्यांसाठी, रक्तपात वगैरे असलेला. खूण होती, पण काउंटरवर तिला कोण विचारतो? तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने एक साधी गोष्ट केली. तेरा ते सोळा वर्षांची मुलं एकटीच दुकानांत पाठवली आणि 'एम' गेम मागायला लावला. २००० साली शंभरातल्या ८५ मुलांना तो बिनदिक्कत मिळाला! आयोगाने आकडे छापले. काही काळाने पुन्हा मुलं पाठवली, पुन्हा छापले. २००३ मध्ये ६९, २००६ मध्ये ४२, २००८ मध्ये २०, आणि २०११ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत १३. पुढे पुढे दुकानांच्या साखळ्यांची नावं घेऊन आकडे येऊ लागले. यासाठी देशभराचा कायदा नव्हता. कॅलिफोर्नियाने केलेला कायदा तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द ठरवला. तरी तोच कमी पगाराचा, अर्धवेळ, विशीतला मुलगा ओळखपत्र मागायला शिकला. का? कारण कुणीतरी येऊन तपासतं हे त्याच्या मालकाला कळलं, आणि मालकाने त्याला शिकवलं.

बाईला काय उत्तर मिळतं हे तपासायला असं कुणी वर्षानुवर्षं पाठवलं नाही. नाहीतर "सवय आहे हो, जाता जात नाही" हे ऐकून घ्यावं लागलं नसतं.

तपासण्याची ही रीत बायकांच्या बाबतीत दुसरीकडे वापरली गेली आहे. इयन एअर्स या कायद्याच्या अभ्यासकाने शिकागोत गाड्यांच्या दुकानांत माणसं पाठवली. तीच गाडी, बोलायचं तेच, कपडे नि वागणंही सारखं बेतलेलं. फरक एवढाच की एक गोरा पुरुष, एक गोरी बाई, एक काळा पुरुष, एक काळी बाई. १९९१ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. गोऱ्या बाईकडून विक्रेत्याने गोऱ्या पुरुषापेक्षा जास्त नफा मागितला, आणि काळ्या बाईकडून सगळ्यात जास्त, गोऱ्या पुरुषाच्या तिपटीहून अधिक. आपल्याला हे वाचून जात आठवली असेल. आठवायलाच हवी.

इंग्लंडात २०१२ पासून काही आयांनी 'लेट टॉइज बी टॉइज' ही मोहीम चालवली. त्या खेळण्यांच्या दुकानांत जाऊन 'मुलगे', 'मुली' अशा पाट्यांची नोंद करायच्या, फोटो काढायच्या आणि कंपनीला लिहायच्या. पुढच्याच वर्षी बूट्ससारख्या मोठ्या साखळीने पाट्या काढल्या. अमेरिकेत टार्गेट या साखळीने २०१५ मध्ये खेळण्यांच्या रांगांवरून असे उल्लेख काढले. कॅलिफोर्नियात तर २०२४ पासून मोठ्या दुकानांना मुलगा-मुलगी असा भेद न करणारा खेळण्यांचा विभाग ठेवणं कायद्याने भाग आहे.

आता चहाच्या वेळचा प्रश्न. असेना का खेळण्याचं दुकान, त्याने काय बिघडतं?

अमेरिकेत १९८४ मध्ये संगणकशास्त्राच्या पदवीधरांत सुमारे ३७ टक्के मुली होत्या. डॉक्टरी, वकिलीत मुली वाढत गेल्या, इथे मात्र घसरत जाऊन पुढे १८ टक्क्यांवर आल्या. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात विद्यार्थ्यांना विचारून विचारून याचा शोध घेतला. ऐंशीच्या दशकात घरात कॉम्प्युटर आला तो खेळण्यासारखा आला, आणि बरेचदा मुलाच्या खोलीत ठेवला गेला. मुलगा खेळता खेळता त्याची कळ शिकला. मुलगी कॉलेजात आली तेव्हा वर्गातला मुलगा दहा वर्षं पुढे, आणि तिला वाटलं आपल्यालाच जमत नाही. त्याच विद्यापीठाने प्रवेशाची आणि शिकवण्याची पद्धत बदलली, तर १९९५ मध्ये ७ टक्के असलेल्या मुली २००० मध्ये ४२ टक्के झाल्या. आपल्याकडे कॉम्प्युटर खेळणं म्हणून नाही, बसून करायच्या नोकरीचं साधन म्हणून आला. म्हणून आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत त्या वर्गात मुली अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. मुलींच्या मेंदूतच काही कमी असतं, तर न्यू जर्सीत कमी आणि नाशकात पुरेसं असं कसं झालं असतं?

पण आपल्याकडेही आता खेळ फोनवर आलाय, आणि फोन आधी मुलाच्या हातात जातो. दुकानात काय घडतं ते आपण नोंदवून बघू या, मनातल्या तक्रारीवर न थांबता. व्हिडिओ गेमची दुकानं मोठ्या शहरांत आहेत, त्या गटांनी ती घ्यावीत. बाकीच्यांनी तालुक्याचं मोबाइलचं दुकान घ्यावं. एक बाई आणि एक पुरुष, वय सारखं, कपडे साधारण सारखे, अर्ध्या तासाच्या अंतराने एकाच दुकानात जायचं. शक्य तिथे वेगवेगळ्या वस्तीतल्या दोघी पाठवा. वाक्य आधी ठरवलेलं: "मला पंधरा हजारांपर्यंतचा फोन हवाय, गेम चालायला हवेत." एवढंच. वाद घालायचा नाही, शिकवायला जायचं नाही, विकत घ्यायचं नाही. बाहेर आल्याबरोबर वहीत लिहायचं. पहिला प्रश्न काय विचारला, किती फोन दाखवले, कोणत्या किमतीचे, फोनचा वेग आणि मेमरी सांगितली की रंग आणि सेल्फी, "घरी कुणाला विचारून या" म्हणाला का. विक्रेत्याचं नाव लिहायचं नाही, कारण आपलं भांडण त्याच्या नोकरीशी नाही. दुकानाचं नाव मात्र लिहायचं. काउंटरवर मुलगी असेल तर गिऱ्हाइकं तिच्याशी कशी बोलतात तेही टिपा, आणि तिला सवड असेल तर बाहेर चहाला बोलवा.

एका दुकानात किमान चार जोड्या जाव्यात. एकदा घडलं तर योगायोग म्हणतील. दोन महिन्यांत वह्या गोळा करू, आणि मग दुकानदारांच्या संघटनेकडे आधी आकडे घेऊन जायचं की आधी छापायचे, ते सगळ्या मिळून बसून ठरवू. माझं मत आधी छापावेत. पण याला विरोध करणाऱ्या दोघी इथेच पहिल्या रांगेत बसल्यात, त्यांना आता बोलू द्या.